ट्रेल क्लासच्या सरावाचं सामान: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

वेस्टर्न (काउबॉय पद्धतीच्या) घोड्याला ट्रेल क्लाससाठी, म्हणजे पोल, गेट, पूल असे अडथळे स्वारासह पार करायच्या स्पर्धेसाठी, तयार करायचं म्हटलं की अमेरिकेत आता सगळं सामान तयार मिळतं. पोल (घोड्याने ओलांडायचे आडवे दांडे), पोल उचलून ठेवायचे ठोकळे, दोराचं गेट, सुट्या भागांत येणारा लाकडी पूल, शंकूच्या आकाराचे कोन, अगदी टपालपेटीसुद्धा. बरेच विक्रेते याचा एकत्र संच करून विकतात. आमचं मत आधीच सांगतो: संच घेऊ नका, सामान सुटं घ्या. संचात सहसा पोल हलके असतात आणि गेट कामचलाऊ असतं, आणि नेमक्या याच दोन वस्तू घोड्याला बरं-वाईट वळण लावतात. कोन आणि टपालपेटी कितीही चांगल्या निघाल्या तरी ती कसर भरून निघत नाही. इथे एखाद्या कंपनीचा रिव्ह्यू नाही, सामानाच्या प्रकारांचा आहे. लेबल कुणाचंही असलं तरी प्लास्टिकचा पोल प्लास्टिकच्याच खोडी दाखवतो.

निवडीची कसोटी काय, तर क्लासमध्ये गुण कशावर जातात ते. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या (क्वार्टर हॉर्स ही घोड्याची एक जात) नियमांत ट्रेलची सुरुवात ७० गुणांपासून होते. प्रत्येक अडथळ्याला उणे दीड ते अधिक दीड असा अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्याने शेरा मिळतो आणि दंड वेगळा कापला जातो. पोलला खूर नुसता घासला तर अर्धा गुण. पोलवर आदळला किंवा पाय पडला तर एक. उचलून ठेवलेला पोल पाडला तर तीन. गेटवरचा हात सुटला किंवा दोर खाली पडला तर पाच. म्हणजे गेटवरची एक चूक दहा वेळा पोल घासण्याइतकी महाग पडते. त्यातही गेट, किमान चार पोल ओलांडणं आणि मागे चालत पार करायचा अडथळा हे तीन प्रकार क्लासमध्ये सक्तीचे आहेत. पूल, घोड्यावर बसूनच उघडायची टपालपेटी, घोड्यावरच घालून काढायचा रेनकोट हे असतीलच असं नाही. पैशांची वाटणीही त्याच प्रमाणात हवी.

पोल

पीव्हीसीचे पोल सर्वाधिक विकले जातात. हलके, स्वस्त, पावसात सडत नाहीत, एकटी व्यक्ती दोन-दोन उचलून नेऊ शकते. पण असोसिएशनच्या रूलबुकात वापरू नये अशा सामानाची जी यादी आहे, तीत पीव्हीसी पाइप स्पष्ट लिहिलेला आहे. टायर, जनावरांची कातडी, हलणारे-डुलणारे पूल हेही त्याच यादीत. म्हणजे स्पर्धेच्या रिंगणात जे कधी पायाखाली येणारच नाही, त्याच्यावर घोड्याला महिनोन्‌महिने चालवायचं.

बंदीमागचं कारण सरावातही लागू पडतं. पाइपवर खूर पडला की तो गोल फिरतो आणि पाय त्याच्याबरोबर सरकतो. खुराच्या वरच्या सांध्याला त्याने लचक बसू शकते. थंडीत जुना पीव्हीसी ठिसूळ होतो आणि फुटला की त्याच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. याहून मोठं नुकसान सवयीचं. हलका पाइप खुराने उडाला तर घोड्याला काहीच जाणवत नाही. आदळण्याची किंमत मोजावी लागत नाही, मग पाय उचलण्याचे कष्ट तो का घेईल? असा घोडा स्पर्धेत लाकडी पोलवर पहिल्या दोन ओळींतच तीन-चार वेळा घासतो आणि स्वार म्हणतो, घरी तर स्वच्छ जात होता.

पोकळ पॉलिथिनचे पोल पीव्हीसीपेक्षा चिवट असतात, सहसा फुटत नाहीत. वजनाची अडचण मात्र तीच राहते. काही पोलमध्ये वाळू किंवा पाणी भरायची सोय असते. पाणी भरू नका, कारण ते आत हिंदकळतं, पोल हलतो आणि थंडीत गोठून फुगतो. वाळू भरायची तर ती कोरडी आणि ठासून भरा, नाहीतर एका टोकाला गोळा होते. फोमचे मऊ पोल कोवळ्या घोड्याच्या पहिल्या काही आठवड्यांपुरते ठीक. पाय पडला तरी इजा नाही, गडगडत नाहीत. त्यापुढे ते ठेवू नयेत, कारण त्यांच्यावर पाय देणं घोड्याला सोयीचं वाटू लागतं.

घ्यावं ते लाकूडच. ४ इंच जाडीचा, १० फूट लांबीचा गोल पाइनचा पोल साधारण २५ ते ३० पौंड भरतो. खूर लागला की टणक आवाज येतो, पोल जागचा फारसा हलत नाही आणि घोड्याला नेमकं कळतं की पाय कुठे लागला. गोल पोलचा दोष एकच, तो गडगडतो. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे बागकामासाठी विकले जाणारे दोन बाजूंनी सपाट आणि दोन बाजूंनी गोलसर असे ८ फुटी लाकडी दांडे. ते स्वस्त असतात, जमिनीवर घट्ट बसतात, वॉक (साधं चालणं) आणि जॉगच्या (सावकाश दुडकी चाल) ओळींना उत्तम चालतात. दुसरा उपाय जास्त चांगला: लाकडाच्या वखारीतून ४ बाय ४ इंची दांडा घेऊन त्याचे चारही कोपरे कापून अष्टकोनी पोल करून घ्यायचा. ४ बाय ४ प्रत्यक्षात साडेतीन इंची असतो, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर दोन्ही बाजूंना सुमारे १ इंच खूण करून कापला की आठही बाजू जवळजवळ सारख्या येतात. कोपरे न कापता चौकोनी दांडा तसाच वापरणं मात्र वाईट. त्याची धार नळीच्या हाडावर बसली की सूज येते.

लाकूड निवडताना गाठी पाहा. मधल्या भागात मोठी गाठ असेल तर पाय पडला की पोल तिथेच मोडतो. रंग मॅट घ्या, चकचकीत ऑइल पेंट ओला झाला की निसरडा होतो. पांढऱ्यावर निळे पट्टे घोड्याला चांगले दिसतात. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला आपल्यासारखा कळत नाही, म्हणून हिरवळीवर लाल पट्टे मारण्याचा फारसा फायदा नाही. पट्टा दोन्ही टोकांना आणि बरोबर मध्यभागी मारा. मधला पट्टा स्वारासाठी आहे, ओळीच्या मधून जातोय की नाही हे त्यावरून कळतं. रेल्वेचे जुने स्लीपर फुकट मिळाले तरी आणू नका. त्यांत क्रिओसोट (लाकूड टिकवण्यासाठीचं विषारी डांबरी तेल) मुरलेलं असतं आणि घोडे लाकूड कुरतडतात. तीच गोष्ट जुन्या हिरवट दाबप्रक्रियेच्या लाकडाची. आर्सेनिक असलेली ती प्रक्रिया घरगुती लाकडासाठी अमेरिकेत २००३च्या अखेरीस थांबली, पण कुंपणातून निघालेले जुने दांडे अजूनही विकायला येतात.

लांबीत कंजुषी करू नका. ८ फुटी दांडा सरळ ओळीला पुरतो. पंख्यासारख्या पसरलेल्या ओळीत, जिथे आतली टोकं जवळ आणि बाहेरची लांब असतात, तिथे १० फूट हवेत. मागे चालायच्या एल आकाराला तर १० किंवा १२ फूटच. घोडा नाकापासून शेपटीपर्यंत साधारण ८ फूट. ८ फुटी दांड्यांच्या एलमध्ये तो आत शिरतो न शिरतो तोच कोपरा येतो आणि सरळ मागे जाण्याचा सराव होतच नाही. सुरुवातीला दहा फुटी आठ पोल घ्या. त्यात चार-चारच्या दोन ओळी होतात किंवा एक एल आणि एक ओळ. पुढे बारा-सोळापर्यंत वाढवा.

ठोकळे

उचललेल्या पोलबद्दलचा नियम नीट वाचावा लागतो आणि विक्रेते नेमके इथेच गफलत करतात. जॉग आणि लोपच्या (सावकाश दौड) ओळीत पोल जास्तीत जास्त ८ इंच उचलता येतो, वॉकच्या ओळीत १२ इंच. ही उंची जमिनीपासून पोलच्या वरच्या पृष्ठापर्यंत मोजतात. 'आठ इंची' म्हणून विकल्या जाणाऱ्या ठोकळ्याची खाच आठ इंचांवर असेल, तर साडेतीन इंची पोल ठेवल्यावर उंची साडेअकरा होते. जॉगच्या घोड्याला ती उडी वाटते, चाल तुटते आणि लय गेली की पुढचे तीनही पोल गेले. हिशेब सोपा आहे: साडेतीन इंची पोलला ८ इंचांसाठी खाचेचा तळ साडेचार इंचांवर हवा, १२ इंचांसाठी साडेआठवर.

उचललेला पोल गडगडू नये म्हणून तो खाचेत किंवा कपात बसलेला असावा लागतो. आता खाच किती खोल? बाजारातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांत निम्मा पोल आत जातो. ते धोक्याचं आहे, कारण घोडा अडखळला तर पोल सुटत नाही आणि ठोकळ्यासकट पायांत येतो. एक ते सव्वा इंच खोल खाच बरोबर. नुसत्या घासण्याने पोल पडत नाही आणि जोरात धडकला तर मोकळा होतो. लाकडी ठोकळा स्वतः करायचा तर ६ बाय ६चा तुकडा घ्या, वरच्या कडा गोल घासा, खाचेच्या आत सँडपेपर मारा. तळ किमान फूटभर लांब ठेवा, नाहीतर वाळूत कलतो.

एक्सच्या आकाराचे कॅव्हलेटी (दोन टोकांना एक्स असलेले तयार बुटके पोल) ट्रेलसाठी आम्ही सुचवत नाही. पोलच्या वर निघालेली त्यांची टोकं पायांत किंवा रिकिबीत अडकू शकतात आणि सर्वांत खालची उंचीसुद्धा कित्येकांत ट्रेलच्या मापाला बसत नाही. ठरावीक अंतरावर फासे शिवलेले जे पट्टे मिळतात, ज्यांत पोल अडकवले की आपोआप ओळ तयार होते, तेही बहुतेक इंग्लिश पद्धतीच्या घोड्यांसाठी बेतलेले असतात. त्यांच्या ट्रॉटचं (दुडकी चाल) अंतर सव्वाचार-साडेचार फुटांच्या आसपास असतं. वेस्टर्न जॉगला नियमात अंतर ३ फूट ते साडेतीन फूट. तशा पट्ट्यावर जॉग करणारा घोडा एकतर लांब ढांगा टाकतो किंवा दोन पोलांमध्ये जादा पाऊल घालतो, आणि दोन्ही वेळी गुण जातात.

पट्ट्याऐवजी एक मोजकाठी करा. सात फुटी सरळ लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर २०, २२, २४, ३६, ४२, ७२ आणि ८४ इंचांवर पक्क्या शाईने रेघा मारा. वॉकच्या ओळीला २० ते २४, उचललेली असेल तर किमान २२. जॉगला ३६ ते ४२. लोपला ७२ ते ८४ किंवा त्याच्या पटीत. २८ आणि ३० इंचांची खूण वेगळ्या रंगाने मारा: मागे चालायच्या अडथळ्यात जमिनीवरच्या पोलमध्ये किमान २८ आणि उचललेल्यांमध्ये ३० इंच लागतात. पंख्याच्या ओळीत अंतर टोकाला नाही, घोडा जिथून जाणार त्या रेषेवर मोजतात. ही काठी ओळीशेजारी ठेवूनच सराव करा. मऊ वाळूत प्रत्येक फेरीनंतर पोल थोडे सरकतात आणि चार फेऱ्यांत जॉगचं अंतर नियमाबाहेर जातं. मग घोडा चुकला असं वाटतं, प्रत्यक्षात चुकलेली असते ती ओळ.

गेट

पोलनंतर गेट. स्पर्धांत बहुधा दोराचं गेट असतं: दोन उभे खांब आणि मध्ये दोर, एका टोकाला पक्का, दुसऱ्या टोकाला कडी किंवा फास. तयार मिळणाऱ्या गेटमध्ये तीन गोष्टी पाहा.

पहिली, पाया. खांबांचे पाय जमिनीवर किती पसरलेत आणि कोणत्या दिशेला? घोडा खांबाला अगदी बिलगून वळतो. पाय त्याच्या वाटेत आले तर खूर लागतो, आवाज होतो, खांब डुलतो आणि पुढच्या वेळी घोडा लांब उभा राहायला लागतो. मग स्वाराला वाकून हात लांबवावा लागतो आणि दोर सुटण्याची वेळ तिथूनच येते. सपाट लोखंडी पाटाचा पाया उत्तम, तो वाळूत अर्धा इंच गाडता येतो. घडीचे हलके खांब घेतले असतील तर पाटावर वाळूच्या पिशव्या ठेवा, पण घोडा वळतो त्याच्या विरुद्ध बाजूला. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे चौकटीच्या झुलत्या गेटमध्ये, दाराखालून जमिनीवर आडवी दांडी जात असेल तर नियमाप्रमाणे ते गेट पुढे चालतच पार करावं लागतं. ते घोड्याला मागे घेत पार करायचा सराव अशा गेटवर करू नका.

दुसरी गोष्ट, खांबाचं डोकं. ते गुळगुळीत आणि गोल हवं. आकड्यासारखी टोपी, वर निघालेला बोल्ट किंवा सजावटीचं टोक असेल तर लगाम तिथे अडकतो. घोडा घाबरून मागे सरला की खांबासकट ओढत नेतो. दोर अडकवायची खुंटी बाहेर दोन-अडीच इंचांपेक्षा जास्त नसावी, वरच्या बाजूला किंचित झुकलेली असावी आणि स्वाराच्या मांडीच्या उंचीला यावी. खुंटीची उंची बदलता येते असे खांब थोडे महाग पडतात, पण १४ हाताच्या आणि १६ हाताच्या (घोड्याची उंची मोजायचा हात म्हणजे ४ इंच) घोड्याला एकच उंची चालत नाही. तिथे पैसे द्या.

तिसरी, दोर. नायलॉनचा दोर हातातून सरकतो आणि सरकताना तळवा भाजतो. पाऊण ते एक इंच जाडीचा विणलेला सुती दोर घ्या. जरा वजनदार असल्याने तो शांत लोंबतो, वाऱ्याने फडफडत नाही. टोकाचा फास हाताच्या मुठीएवढाच असू द्या, मोठा असेल तर वेस्टर्न खोगिराच्या पुढच्या मुठीत अडकण्याची भीती राहते. दोर इतका लांब ठेवा की घोडा खांबाभोवती वळताना तो ताणला जाणार नाही, आणि इतका आखूड की झोळ जमिनीला टेकणार नाही. झोळात मागचा पाय गेला तर पुढे महिनाभर गेटजवळ जायला घोडा तयार होत नाही.

असं गेट असेल तर सरावाला शिस्त येते. गेटला समांतर, फूट-दीड फूट अंतराने या. खुंटी आपल्या मांडीच्या रेषेत आली की थांबा आणि खरोखर थांबा, दोन-तीन श्वास. लगाम दुसऱ्या हातात घ्या, अडथळ्यापुरता हात बदलायला परवानगी आहे. दोर काढा. घोड्याला एक-दोन पावलं मागे घ्या, म्हणजे त्याचं डोकं खांबाच्या अलीकडे येईल. मग वळवून आत शिरा, खांबाभोवती मागचे पाय फिरवा, पुन्हा समांतर व्हा आणि साइडपास (घोड्याला आडवं, बाजूला चालवणं) करत खुंटीपाशी जाऊन दोर अडकवा. दोर धरलेला हात या सगळ्यात खोगिराच्या पुढे, कमरेच्या उंचीवर राहतो. बहुतेक जण चुकतात ते शेवटी. गेटमधून बाहेर आल्यावर घोड्याला पुढे जायची घाई होते, तो साइडपासच्या मध्येच एक पाऊल पुढे टाकतो, दोर ताणला जातो आणि हातातून निसटतो. म्हणून सरावात दर तिसऱ्या-चौथ्या वेळी दोर अडकवून झाल्यावर तिथेच उभं राहायचं, पुढे निघायचंच नाही.

पूल

पुलाला किमान ३६ इंच रुंदी आणि ६ फूट लांबी सुचवलेली आहे आणि तो फक्त वॉकमध्ये ओलांडतात. क्वार्टर हॉर्स हजार ते बाराशे पौंडांचा, त्यावर स्वार आणि खोगीर. चालताना त्या वजनाचा मोठा वाटा काही क्षण एकाच खुरावर येतो. त्यामुळे तयार पुलात फळीची जाडी आणि खालच्या तुळयांमधलं अंतर एवढंच पाहा. दोन इंची म्हणून मिळणारी, प्रत्यक्षात दीड इंची फळी आणि खाली तीन तुळया, असा पूल पुरतो. इंचभर फळी आणि फक्त दोन कडेच्या तुळया असलेले पूलही विकले जातात. फळी मधोमध दबते, करकरते आणि घोड्याला पायाखालची जमीन हलल्याची जाणीव होते. एकदा ही भीती बसली की पुलावर पाय टाकण्याआधीच थांबण्याची सवय लागते, आणि पहिल्या दोन नकारांना प्रत्येकी पाच गुण जातात.

फळ्या स्क्रूने बसवलेल्या असाव्यात. लाकूड वाळतं-फुगतं तसे खिळे वर येतात आणि खुराखाली लागतात. वर प्लायवूड असेल तर ओलं झाल्यावर बर्फासारखं निसरडं होतं. रबराची चटई चालते, पण तिच्या कडा चारही बाजूंनी पट्टी मारून दाबलेल्या हव्यात. नुसती डिंकाने चिकटवलेली चटई उन्हात कडेला वळते आणि तिथेच पुढचा खूर अडकतो. उताराची टोकं असलेले पूल आम्हाला पटत नाहीत. घोडा उतारावरून घसरत चढायला शिकतो आणि पुढे सरळ कडेच्या पुलावर अडखळतो. चार-सहा इंचांची सरळ कड असू द्या.

घोडा पूल घाबरतो तो बहुतेक वेळा पोकळ आवाजाला. सरावाचा पूल खालून मातीने भरून 'शांत' करू नका. आवाज हवा, फक्त सुरुवात जमिनीवर टाकलेल्या दोन-तीन सुट्या फळ्यांपासून करा.

बाकीचं

बाकीच्या वस्तूंवर खर्च करू नये. कोन जड तळाचे आणि मऊ रबराचे घ्या, एवढंच. हलके कोन वाऱ्यात पडतात. टपालपेटी कोणतीही चालते, पण पत्र्याचीच घ्या. तिच्या झाकणाचा करकर आवाज घोड्याला ऐकू यायला हवा. खांब सिमेंट भरलेल्या बादलीत उभा करा आणि बादलीची कडी काढून टाका. रेनकोट पिवळा, आवाज करणारा, सर्वांत स्वस्त तोच चांगला. चौकोनी खोक्यासाठी (जमिनीवर चार दांड्यांचा चौकोन, ज्यात घोडा वळवतात) वेगळा संच घ्यायची गरज नाही. नियमात बाजू ५ ते ७ फुटांची असते, सहा फुटी चार दांडे कापून घेतले की झालं. निळ्या ताडपत्रीचं 'पाणी' मात्र धोक्याचं. कडा मातीत गाडल्या नाहीत तर खूर खाली जातो आणि ताडपत्री पायाला गुंडाळली जाते. पाण्याच्या अडथळ्याला धातूचा किंवा निसरड्या तळाचा डबा नियमातही चालत नाही.

घोड्याच्या पायांवर बांधायचे स्प्लिंट बूट सरावात वापरा, विशेषतः उचललेल्या पोलवर आणि साइडपासला, जिथे एक पाय दुसऱ्यावर लागतो. पण स्पर्धेत ट्रेलला ते चालत नाहीत. कायम बूट घालून सराव झालेल्या घोड्याला पोल घासल्याचं जाणवतच नाही. त्यामुळे स्पर्धेआधीचे दोन-तीन आठवडे सोप्या, जमिनीवरच्या ओळी बूट न घालता करा. बूट घ्यायचेच तर आतून निओप्रिन असलेले, आणि बाहेर जाड पट्टी फक्त आतल्या बाजूला असलेले पुरेसे आहेत. खुरापासून गुडघ्यापर्यंतची उंच आवरणं ट्रेलला गरम आणि अनावश्यक.

रँच ट्रेलमध्ये, म्हणजे गुरांच्या कुरणावरच्या कामांवर बेतलेल्या ट्रेलमध्ये, उतरायचं असेल तर ओंडका ओढण्याचा अडथळा येऊ शकतो. त्याला जंगली, साल असलेला ओंडका आणि साधा दोर पुरतो. दोर खोगिराच्या मुठीला कधीही गाठ मारून बांधू नका, वेढे घ्या. घोडा बिथरला तर तो सोडता आला पाहिजे.

जुनं सामान घेताना

या खेळात सोडून जाणारे बरेच असतात, त्यामुळे जुने लाकडी पोल कमी भावात मिळतात आणि बहुतेकदा नव्या प्लास्टिकच्या संचापेक्षा ते चांगले असतात. प्रत्येक पोल दोन्ही टोकांना आणि मध्ये जाड स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. पाव इंचाहून जास्त सहज आत गेला तर आतून सडलाय. जमिनीवर ठेवून लोटा, वाकलेला पोल एका जागी येऊन थांबतो. थोडा बाक चालतो, पण ठोकळ्यावर ठेवला की तो स्वतःच फिरतो आणि उंची बदलते, म्हणून वाकलेले दांडे फक्त जमिनीसाठी. पृष्ठभागावर हात फिरवून लाकडाची कुसळं लागतायत का ते पाहा, आणि जुन्या रंगाचे पापुद्रे निघत असतील तर रंग शिशाचा असू शकतो, तसे पोल घेऊ नका. गेट घेताना दोराची किंमत धरूच नका, दोर नवाच लावायचा आहे. खांब मात्र उभा करून हाताने जोरात हलवा, सांध्यात डुलत असेल तर वेल्डिंग पाहा. पूल उलटा करून तुळया जमिनीला टेकतात ती बाजू टोचा, कुज आधी तिथेच लागते.